पत्रा कंपनीचा, सांधा कुणाचा?

"पत्र्याला काही झालेलं नाही, ताई. पत्रा उत्तम आहे."

कंपनीचा माणूस शिडीवरून उतरून हात पुसत हे म्हणाला, तेव्हा आतल्या खोलीत कपाटावर ठेवलेल्या बादलीत टप् टप् थेंब पडत होते. मी त्याला आत नेऊन बादली दाखवली. तो खोटं बोलत नव्हता, टाळाटाळही करत नव्हता. त्याला जे तपासायला पाठवलं होतं, त्याबद्दल त्याने खरं तेच सांगितलं. माझ्या हातात वीस वर्षांच्या वॉरंटीचं सर्टिफिकेट होतं, त्यातली नऊच वर्षं सरली होती आणि छत गळत होतं. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे उलगडायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जे वाचलं, विचारलं, स्वतः वर चढून पाहिलं ते इथे लिहिते आहे. कुणी नवं छत घालायच्या बेतात असेल, तर त्याला हे सही करण्याआधी कळावं, एवढ्यासाठी.

घर बाबांनी बांधलेलं. पुढच्या भागावर उताराचं रंगीत पत्र्याचं छत, मागच्या दोन खोल्यांवर सपाट स्लॅब आणि त्यावर वॉटरप्रूफिंगची मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ थर. बाबांना कागद जपायची शिस्त होती. त्यांची निळी फाइल उघडली की बिलं तारखेनुसार लावलेली, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने "दिले" असं लिहिलेलं. मी आजवर समजत होते की छताला एक वॉरंटी असते. फाइलमध्ये तीन निघाल्या. पत्र्याची एक, मेम्ब्रेनची एक, आणि ठेकेदाराच्या बिलाखाली निळ्या शाईत लिहिलेली एक ओळ: "काम 2 वर्षे वॉरंटी". तीन वेगळ्या माणसांनी दिलेली तीन वेगळी वचनं, आणि प्रत्येकाची मुदत निराळी.

पत्र्याच्या सर्टिफिकेटवर मोठ्या अक्षरात "20 वर्षे" होतं. कशाची वीस वर्षं, ते खाली बारीक अक्षरात. पत्रा गंजून त्याला आरपार भोक पडणार नाही, याची वीस वर्षं. रंगाचे पापुद्रे सुटणार नाहीत याची दहा. रंग फिका पडण्याला वेगळी मोजपट्टी, आणि कापलेल्या कडेवर येणारा गंज हमीतच नाही. छत गळणार नाही, असं त्या पाच पानांत एकदाही लिहिलेलं नाही. मी ती पाच पानं पेन्सिल घेऊन दोनदा वाचली. घरमालकाला हवी असते कोरडी खोली. पत्र्याची कंपनी हमी देते ती पत्र्याची. या दोहोंत जे अंतर आहे, तिथेच माझी बादली ठेवलेली होती.

छत गळतं कुठून, हे वर चढून पाहिल्याशिवाय कळत नाही. पाऊस उघडल्यावर एका मिस्त्रींना घेऊन मी वर गेले. सपाट, सलग पत्र्यातून पाणी जवळजवळ कधीच येत नाही. ते येतं सांध्यातून: आढ्यावरच्या पट्टीखालून, स्क्रूच्या भोकातून, पाइप जिथे छतातून बाहेर निघतो तिथून आणि पत्रा जिथे भिंतीला भिडतो तिथून. आमच्याकडे हेच शेवटचं होतं. भिंतीलगत जी वाकवलेली पट्टी बसवतात, तिला फ्लॅशिंग म्हणतात. तिची वरची कड भिंतीत खाच मारून आत घालायची आणि मग खाच बुजवायची, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी पट्टीच्या पाठीमागे जाऊच शकत नाही. आमच्या ठेकेदाराने पट्टी गिलाव्याला नुसती चिकटवून स्क्रू मारले होते आणि वरून सिलिकॉनची एक रेघ ओढली होती. ती रेघ उन्हाने आक्रसून गिलाव्यापासून सुटली होती. मिस्त्रींनी खिशातलं बिल चौपदरी घडी करून त्या फटीत सरकवलं. अख्खं आत गेलं.

मग त्यांनी एक स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला. डोक्याखाली धातूची चकती आणि तिला चिकटलेला काळ्या रबराचा वॉशर. रबर एका बाजूला फुगून बाहेर आलेलं, दुसऱ्या बाजूला भेगाळलेलं. "जास्त आवळलाय," ते म्हणाले. स्क्रू नीट आवळला की रबर चकतीच्या कडेपर्यंत जेमतेम दबतं. मशीनने एक घुमाव जास्त दिला की ते चेंगरतं, बाहेर आलेल्या भागाला ऊन लागतं आणि काही वर्षांत ते कडक होऊन फुटतं. मी अंगठ्याने दाबलं, तर त्याचा चुरा झाला. अशा एका छताला शेकडो स्क्रू असतात.

म्हणून माझं आता ठाम मत आहे की मालाच्या वॉरंटीपेक्षा कामाची वॉरंटी महत्त्वाची. दुकानात आपल्याला वीस, तीस, पन्नास वर्षांचे आकडे दाखवले जातात. ते सगळे मालाचे. कामाची हमी कुणी एका वर्षाची देतं, कुणी दोनची, कुणी दहाची, आणि तिच्याबद्दल आपण विचारतही नाही. शिवाय ती देणारा माणूस धंद्यात असेपर्यंतच तिला अर्थ. आमच्या ठेकेदाराची दोन वर्षं कधीच उलटून गेली होती, पण उलटली नसती तरी उपयोग नव्हता. बिलावरचा नंबर लागत नाही. काही कंपन्या एक तिसरा प्रकार देतात: त्यांनी शिकवून मान्यता दिलेल्या माणसाकडून, त्यांच्याच पद्धतीचं सगळं सामान वापरून छत घातलं, तर कामाचीही जबाबदारी कंपनी स्वतः घेते. याला जास्त पैसे पडतात, काम झाल्यावर ठरलेल्या मुदतीत नोंदणी करावी लागते आणि काही वेळा कंपनीचा माणूस येऊन तपासून जातो. ही नोंदणी बहुतेक ठेकेदारावर सोडलेली असते. त्याने केली का, हे आपण कंपनीला विचारून खात्री करायची. नोंदणीच झाली नसेल, तर साधी मालाची हमी तेवढी उरते.

आता तांब्याची गोष्ट. ती मला जास्त लागली.

चार वर्षांपूर्वी आम्ही छतावर पाणी तापवायचं सोलर बसवलं. स्टँडचे पाय पत्र्यातून बोल्ट मारून पक्के केले आणि वरच्या तांब्याच्या नळीच्या एका सांध्यातून पाणी अधूनमधून ठिबकत राहिलं. थेंबच तो, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मिस्त्रींनी स्टँडच्या खालचा भाग ओल्या फडक्याने पुसला, तर रंगावर एक पांढुरकी वाट उमटलेली दिसली, पन्हळीकडे उतरत गेलेली. वाटेच्या वरच्या टोकाशी रंग उडालेला. मी खालच्या खोलीत जाऊन दिवा बंद केला आणि मान वर केली. पत्र्यात टाचणीच्या टोकाएवढे तीन उजेडाचे ठिपके होते.

म्हणजे बाकी पत्रा उत्तम असला, तरी इथे सोलरखाली भोक पडलं होतं. वीस वर्षांत पडणार नाही म्हणून लिहून दिलेलं, गंजून आरपार पडलेलं भोक. मी सर्टिफिकेट घेऊन पुन्हा बसले आणि चौथ्या पानावर ती ओळ सापडली: तांबं किंवा शिसं यांच्या संपर्कामुळे, किंवा त्यांच्यावरून येणाऱ्या पाण्यामुळे झालेलं नुकसान हमीत धरलं जाणार नाही. कारण रसायनशास्त्रातलं आहे आणि खरं आहे. अशा पत्र्याच्या पोलादावर जो मुलामा असतो, त्यात साधारण 55 टक्के ॲल्युमिनिअम, 43.4 टक्के जस्त आणि 1.6 टक्के सिलिकॉन असतं. तांब्याच्या नळीतून आलेल्या पाण्यात तांब्याचा अगदी थोडा अंश उतरतो. तो या मुलाम्यावर बसला की जस्त आणि ॲल्युमिनिअम झिजायला लागतात आणि मागे उघडं पोलाद राहतं. सोलर बसवणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं होतं. त्याने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही, आणि वॉरंटीचा कागद निळ्या फाइलमध्ये बंद होता.

सोलर, डिश अँटेना, पाण्याची टाकी, एसीचं बाहेरचं यंत्र, काहीही छतावर चढवण्याआधी वॉरंटीचा कागद काढून वाचा, किंवा कंपनीला लेखी विचारा. छताला नंतर पाडलेलं प्रत्येक भोक हे वॉरंटीलाही पडलेलं भोक असतं. सगळं छत बाद होत नाही बहुतेक वेळा, पण तेवढा भाग आणि त्याच्या आसपासचं नुकसान हमीतून जातं.

त्याच चौथ्या पानावर आणखी बरंच होतं, आणि प्रत्येक ओळ वाचताना मला छताचा कुठला तरी कोपरा आठवत होता. पत्रा ग्राइंडरने कापला तर उडणारा तापलेला कीस रंगात रुततो आणि तिथे तांबूस ठिपके उठतात. ते हमीत नाहीत. आमच्या वळचणीजवळ असे ठिपके पहिल्या वर्षापासून आहेत. बाबा त्यांना धूळ समजून पुसायचे. समुद्रापासून ठरावीक अंतराच्या आतलं घर, रसायनांच्या धुराजवळचं घर, यांना वेगळ्या अटी. जिथे पावसाचं पाणी पोचत नाही तो भाग, म्हणजे वळचणीखालची पत्र्याची बाजू, ठरावीक काळाने साध्या पाण्याने धुतली पाहिजे, कारण तिथे क्षार साचतात आणि धुवून जात नाहीत. किती जण धुतात? कागदावर मात्र ती घरमालकाची जबाबदारी आहे, आणि ती पाळल्याचा पुरावा मागितला जाऊ शकतो.

वाऱ्याचंही कलम असतं. शिंगल्सच्या, म्हणजे एकावर एक चढवून खिळ्यांनी ठोकलेल्या पातळ तुकड्यांच्या छतांना वाऱ्याची हमी आकड्यात देतात, बऱ्याचदा ताशी 110 किंवा 130 मैल, म्हणजे सुमारे 177 किंवा 209 किलोमीटर. वरचा आकडा हवा असेल तर तीच शिंगल चार खिळ्यांऐवजी सहा खिळ्यांनी ठोकावी लागते. खिळे एकदा झाकले गेले की मोजता येत नाहीत, म्हणून काम चालू असतानाच फोटो काढून ठेवावेत. वादळ, गारपीट, वर कोसळलेलं झाड ही नुकसानं वॉरंटीची नाहीतच. ती घराच्या विम्याकडे जातात, विमा असेल आणि त्यात ती धरलेली असतील तर.

"लाइफटाइम" या शब्दाबद्दल सांगायलाच हवं. हे आयुष्य छताचं नसतं. बहुतेक कागदांत त्याचा अर्थ असतो: ज्याने पहिल्यांदा विकत घेतलं, तो त्या घराचा मालक असेपर्यंत. आणि पूर्ण भरपाई त्या सगळ्या काळात मिळते असंही नाही. आधीची काही वर्षं, समजा दहा, पूर्ण. पुढे वर्षागणिक घटत जाणारी. ही घट कधीपासून मोजायची, हे एकच वाक्य सगळा हिशेब फिरवतं. तीस वर्षांची वॉरंटी घ्या, पहिली दहा पूर्ण. विसाव्या वर्षाच्या अखेरीला दोष निघाला. घट अकराव्या वर्षापासून मोजायची असेल, तर वीसपैकी दहा वर्षं वापरली गेली. निम्मी भरपाई मिळेल. घट पहिल्या दिवसापासून मोजायची असेल, तर तीसपैकी वीस वापरली. मिळेल एक तृतीयांश. दोन्ही कागदांवर मोठ्या अक्षरात तेच लिहिलेलं असेल, "30 वर्षे". आणि ही टक्केवारी खरेदीच्या वेळच्या किमतीवर की आजच्या किमतीवर, तेही बघा. बहुतेक जुन्या किमतीवर असते.

त्यातून मिळतं काय? साध्या मालाच्या वॉरंटीत माल. नवा पत्रा देतील, किंवा त्याची किंमत, किंवा दुरुस्ती, आणि यातलं काय द्यायचं हे ठरवणार कंपनी. जुनं उतरवण्याची मजुरी, परांची बांधणं, भंगार वाहून नेणं आपल्याकडे. भिजलेलं छताचं बोर्ड, फुगलेलं कपाट, आतला गिलावा, हे तर जवळजवळ सगळ्याच कागदांत स्पष्ट शब्दांत वगळलेलं असतं. आमच्या कपाटात आईच्या साड्या होत्या. त्या वाचल्या, कारण ती रोज रात्री उठून बादली बघायची.

मागच्या स्लॅबचं सांगते. मेम्ब्रेनच्या कागदात मुख्य अट होती पाणी न साचण्याची. पाऊस थांबल्यावर 48 तासांनंतरही गच्चीवर पाणी उभं असेल, तर त्याला साचलेलं पाणी धरतात, आणि त्यामुळे झालेलं नुकसान पुष्कळ ठिकाणी हमीबाहेर. उतार बरोबर दिला नव्हता, म्हणून पाणी साचतं. उतार देणारा गवंडी वेगळा, मेम्ब्रेन घालणारा वेगळा. म्हणून मेम्ब्रेन घालण्याआधीच गच्चीवर पाणी ओतून ते नाळीकडे पळतं का बघावं, आणि घातल्यावर नाळ्या बुजवून एक-दोन दिवस पाणी भरून ठेवून खालून छत तपासावं. ही चाचणी झाल्याचं तारखेसह लिहून घ्यावं. दुसरी अट मला माहीतच नव्हती. मेम्ब्रेनवर नंतर फरशी, माती, कुंड्यांचे वाफे असं काही केलं, तर दुरुस्तीसाठी ते उचलण्याचा आणि पुन्हा बसवण्याचा खर्च मालकाचा. आईला तिथे भाज्यांचे वाफे करायचे होते. आता ते कठड्यालगत, उचलता येतील अशा टबांत करायचं ठरलं आहे. स्लॅबलाच तडा गेला तर तो मेम्ब्रेनचा दोष नाही, हेही त्यात आहे, आणि ते मला रास्त वाटतं.

गळती दिसली की पहिल्या दिवशी काय करायचं, यावर आमच्या घरात भांडण झालं होतं. भाऊ म्हणाला, डांबर आणतो आणि थापतो. मी नको म्हटलं, आणि या एका बाबतीत मी बरोबर होते. वरून ताडपत्री घालणं, बादली ठेवणं, ही तात्पुरती सोय करायची, केलीच पाहिजे. नुकसान वाढू देणं हेही आपल्या विरुद्ध जाऊ शकतं. पण कायमची दुरुस्ती करण्याआधी कंपनीला लेखी कळवायचं आणि त्यांना बघू द्यायचं. पुष्कळ कागदांत कळवण्याची मुदत असते, अनेकदा दोष दिसल्यापासून 30 दिवस. आधीच डांबर थापलं असतं, तर खाली काय होतं हे कुणालाच सांगता आलं नसतं. मी रोज एक फोटो काढला, त्यात वर्तमानपत्राची तारीख दिसेल असा. कंपनीच्या माणसाने ते फोटो नीट पाहिले आणि अहवालात भिंतीच्या सांध्याचं कारण स्वच्छ लिहून दिलं. दावा नाकारला गेला, पण त्या अहवालामुळे कुठे हात घालायचा हे कळलं. छत बदलावं लागलं नाही.

काम नव्या माणसाला दिलं. भिंतीत खाच मारून फ्लॅशिंग बसवली, स्क्रू सगळे बदलले, भोकं पडलेला एक पत्रा काढून नवा घातला, सोलरच्या नळीचं पाणी वेगळ्या पाइपने थेट पन्हळीबाहेर सोडलं. बिलावर तो "5 वर्षे वॉरंटी" लिहायला लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं आणि विचारलं, कशाची? तो थोडा गोंधळला. याआधी कुणी विचारलं नसावं. मग आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलाशी बसून ते वाक्य लिहिलं: बदललेले स्क्रू, आढ्याची पट्टी आणि भिंतीलगतचा सांधा यांतून पाणी आलं, तर 5 वर्षांपर्यंत सामान आणि मजुरीसह विनामूल्य दुरुस्ती, कळवल्यापासून 7 दिवसांत. खाली त्याची सही, तारीख, पत्ता. त्याने नाराजी दाखवली नाही. उलट जाताना म्हणाला की स्क्रू किती आवळायचे ते आपण स्वतः उभं राहून बघितलं आहे, त्यामुळे लिहायला भीती नाही.

एक काम राहिलं होतं. सर्टिफिकेट बाबांच्या नावावर होतं. त्यातलं कलम म्हणत होतं की मालकी बदलल्यास 60 दिवसांत कळवावं, एकदाच नाव बदलून मिळेल, नाहीतर हमी संपेल. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली आहेत. त्या साठ दिवसांत आम्हाला छत आहे हेही आठवत नव्हतं. मी कंपनीला पत्र लिहून सरळ विचारलं: हे कलम विक्रीबद्दल आहे की वारशाने आलेल्या घरालाही लागू होतं? आठ दिवसांनी उत्तर आलं. वारशाने आलेलं घर ते विक्री धरत नाहीत. मृत्यूचा दाखला आणि घराच्या कागदाची प्रत पाठवा.

परवा नवीन सर्टिफिकेट आलं. तांब्याच्या पाण्याने गेलेला तो एक पत्रा वगळून बाकी सगळं छत त्यात आहे, अकरा वर्षं उरलेली. मालकाच्या रकान्यात माझं नाव आहे. नाव बदललं तरी मुदत नव्याने सुरू होत नाही, त्यामुळे सुरुवातीची तारीख जुनीच ठेवली आहे, बाबांनी पहिलं बिल चुकतं केलं त्या दिवसाची. मी ते निळ्या फाइलमध्ये त्या बिलाच्या मागे लावलं आणि कोपऱ्यात पेन्सिलीने "मिळाले" असं लिहिलं.